कागदावर काम लिहा: लहान फौंड्रीत कामगारांच्या आरोग्याची सोय लावायची कशी

गेल्या पावसाळ्यात एक फेटलिंगवाला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारा कामगार, कागदांची पिशवी घेऊन आला. वय बेचाळीस. टीबीचा कोर्स दोनदा झालेला, थुंकीत जंतू एकदाही सापडलेले नाहीत, आणि दुसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत धाप लागलेली. पिशवीत तीन दवाखान्यांचे केसपेपर होते, एक्स-रेची चार पाकिटं होती. वय, वजन, बीपी, तंबाखू खातो, सगळं लिहिलेलं. सतरा वर्षं हा माणूस वाळूच्या साच्यातून निघालेलं बिडाचं कास्टिंग ग्राइंडरवर घासतोय, हे मात्र कुणी लिहून घेतलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नव्हतं. "विचारलंच न्हाई," म्हणाला.

मी शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या लहान कारखान्यांची कामगारविषयक कागदपत्रं सांभाळतो. डॉक्टर नाही. पण या कामात एवढं कळलं की कोल्हापुरात दवाखाने आहेत, विमा आहे, कायदाही आहे. माणसाचं काम आणि त्याचा आजार एका कागदावर येत नाहीत, तिथं घोडं अडतं. पुढचं सगळं फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय, कारण मला तीच जास्त माहीत आहे. इचलकरंजीच्या लूमवाल्यानं, हुपरीच्या चांदीवाल्यानं, उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं आपापल्या धंद्याप्रमाणे फेरफार करून घ्यावेत. नव्यानं शॉप, म्हणजे लहान कारखाना, काढलेल्या मालकासाठी हे आहे, तसंच तिथं कामाला लागलेल्या माणसासाठीही.

१. आधी वही घेऊन शॉपमध्ये तासभर फिरा

डॉक्टर शोधायच्या आधी हे काम. शंभरपानी वही पुरते. प्रत्येक माणसापुढं चार गोष्टी लिहा: नाव, नेमकं काम, किती वर्षांपासून, आणि त्या कामात त्याच्या नाकात, कानात, डोळ्यांत, कातडीवर काय जातं. "हेल्पर" असं लिहू नका. हेल्पर नॉकआउटला, म्हणजे साचा फोडायला, उभा राहतो की कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे करायला, यावर त्याची कुठली तपासणी करायची ते ठरतं. आधीच्या कारखान्यातली वर्षंही विचारा. वाळूचा आजार बहुधा दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढतो, त्यामुळे तुमच्याकडे दोन वर्षं झालेल्या माणसाच्या छातीत आधीच्या तीन शॉपची धूळ असू शकते.

धूळ मोजायचं यंत्र नसलं तरी अंदाज येतो. सकाळी शेडच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते, तेव्हा नॉकआउटजवळ उभे राहा. तिरिपीत जे तरंगताना दिसतं ते पाहा आणि लक्षात घ्या की खरी घातक धूळ त्याहूनही बारीक असते, डोळ्यांना दिसत नाही आणि जड धुळीसारखी लवकर खाली बसत नाही. मोल्डिंगला वाळू ओली असते, तिथं धूळ कमी. धातू ओतल्यावर तीच वाळू भाजून कोरडी होते, फुटते, आणि साचा फोडताना हवेत जाते. म्हणून नॉकआउट, फेटलिंग आणि वाळू मिक्सरचं झाकण या तीन जागांपुढं वहीत फुली मारा. या वाळूतली सिलिका फुप्फुसात रुतली की विरघळत नाही, तिच्याभोवती व्रण धरत जातात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. हा आजार बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि अशा छातीत टीबी शिरायला वाट मोकळी होते. त्यामुळे कधी सिलिकोसिसला टीबी समजलं जातं, तर कधी दोन्ही एकत्र असतात.

आवाजाची चाचणी सोपी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर तिथं कान तपासायला हवेत. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९५ ला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एक. हवेवरचा चिपिंग हॅमर सहज शंभराच्या घरात जातो. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप अचूक नसतं, पण कुठल्या कोपऱ्यात जास्त आणि कुठं कमी एवढं सांगायला चालतं.

शेल कोअरच्या मशीनवर डोळे चुरचुरतात, ती रेझिनची वाफ. रेझिन पुरवणाऱ्याकडे त्या मालाचा सेफ्टी डेटा शीट मागा. तो द्यायलाच पाहिजे, आणि डॉक्टरला तोच कागद दाखवायचा असतो. ओतकामाच्या वेळी डोकं जड होणं, मळमळणं हे सगळेच उन्हाळ्यावर ढकलतात. बंद शेडमध्ये, विशेषतः थंडीत दारं लावून रात्रपाळी चालते तेव्हा, ते कार्बन मोनॉक्साइडमुळेही होतं. ताप, खोकला, डोकं दुखणं कुठल्या पाळीत आणि कुठल्या दिवशी होतं तेही वहीत टिपा. सूतगिरणीत सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते आणि आठवडाभरात कमी होते, हे कापसाच्या धुळीचं ओळखीचं लक्षण आहे. वार लिहिलेला नसला की डॉक्टर त्याला दमा म्हणून मोकळे होतात.

२. ईएसआयचा आकडा पहिल्याच दिवशी काढा

दहा किंवा जास्त माणसं असतील तर कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. १४,००० पगार असेल तर मालकाचे ४५५ रुपये आणि कामगाराचे १०५. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज लागतं आणि वर दंड वेगळा.

"मालक, पगारातनं कापू नगा," हे वाक्य प्रत्येक शॉपमध्ये ऐकायला मिळतं, आणि बऱ्याच मालकांना ते ऐकून बरंच वाटतं. अशा माणसाला बसवून सांगा की त्या १०५ रुपयांत त्याचा, बायकोमुलांचा आणि अवलंबून असलेल्या आईवडलांचा औषधोपचार होतो. कामावर अपघात झाला तर घरी बसलेल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांप्रमाणे पैसे मिळतात, आणि त्यासाठी आधी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण इथं एक खोच आहे, ती आधीच सांगून टाका. आजारपणाच्या पैशांसाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये पैसे मिळतात आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. नवीन माणसाला सुरुवातीचे काही महिने औषधोपचार मिळतो, आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. हे न सांगितल्यामुळे "ईएसआय म्हणजे नुसती कपात" अशी समजूत पसरते.

नोंदणी ऑनलाइन होते. कारखान्याला सतरा आकडी कोड मिळतो, कामगाराला दहा आकडी विमा क्रमांक. शॉपमध्ये त्याला आयपी नंबर म्हणतात. माणूस कामाला लागला त्याच दिवशी नंबर काढा. बोट तुटल्यावर रात्री नोंदणी करणारे मालक मी पाहिलेत. तारखा जुळत नाहीत, चौकशी लागते, आणि जखमी माणूस मध्येच लटकतो. आधार जोडून घ्या, घरच्यांची नावं आणि फोटो चढवा. बिहार, ओडिशाहून आलेल्यांच्या घरच्यांसाठी गावाकडचा वेगळा दवाखाना नेमून घेता येतो. ही सोय फार थोड्यांना माहीत असते. ई-पहचान पत्राची प्रिंट काढून कामगाराच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका.

ठेकेदाराची माणसं असतील तर "ती ठेकेदाराची" म्हणून हात झटकता येत नाहीत. मुख्य मालकावर जबाबदारी येतेच. ठेकेदाराकडून दर महिन्याला चलनाबरोबर नावांची यादीही घ्या. नुसत्या चलनावरून कुणाची वर्गणी भरली आणि कुणाची नाही ते कळत नाही. कामगारानं स्वतःची वर्गणी ईएसआयच्या संकेतस्थळावर आपल्या नंबरनं बघावी, किंवा १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर विचारावं.

३. कायदा कुठं लागतो, थोडक्यात

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि कारखान्याची व्याख्या वीज वापरत असाल तर २० कामगार, नसाल तर ४० अशी झाली. चाळिशीपुढच्या कामगारांची वार्षिक तपासणी मोफत करून देणं मालकावर आलं. याआधीच्या कारखाना कायद्यातही फौंड्री धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होतीच: कामावर घेण्याआधी तपासणी, नंतर निदान बारा महिन्यांतून एकदा, आणि आपली आरोग्याची नोंद बघण्याचा हक्क कामगाराला. म्हणजे वार्षिक तपासणी नवी नाही. आपण ती इतकी वर्षं रजिस्टर भरून भागवत आलो.

तुमच्या शॉपला नेमकं काय लागू पडतं ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन विचारा. लोक तिथं जायला घाबरतात. स्वतःहून विचारायला गेलेल्या माणसाला कुणी नोटीस काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

४. योग्य डॉक्टर कसा ओळखायचा

इथं घाई करू नका. दरवर्षी शॉपमध्ये एक गाडी येते, दोन तासांत चाळीस माणसं तपासते, सगळ्यांना "फिट" लिहून जाते आणि बिल देते. कागद तयार होतो, तपासणी होत नाही.

असे डॉक्टर शोधा ज्यांनी औद्योगिक आरोग्याचं शिक्षण घेतलंय. एमबीबीएसनंतर तीन महिन्यांचा एएफआयएच नावाचा अभ्यासक्रम असतो. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. मोठ्या कंपन्यांचे फॅक्टरी मेडिकल ऑफिसर बहुतेक हेच असतात, आणि त्यातले काहीजण आठवड्यातून एखादा दिवस बाहेरचं काम घेतात. शेजारच्या मोठ्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला विचारलं की नाव मिळतं.

फोनवर त्यांना चार प्रश्न विचारा. एका माणसाला किती मिनिटं देणार? फुप्फुसांची फुंकर चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, किती वेळा फुंकवून घेणार? (नीट जमलेल्या निदान तीन फुंकरी लागतात.) कानाची चाचणी कुठं घेणार? शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू असताना घेणार असतील तर पुढं बोलू नका. आणि शेवटचा: तपासणीआधी शॉप बघायला याल का? जो "येतो" म्हणेल त्याला ठेवा, दर थोडा जास्त असला तरी.

दहा-पंधरा माणसांसाठी चांगला डॉक्टर येत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय गल्लीतच आहे. एकाच रांगेतल्या पाच-सहा शॉपनी मिळून दिवस ठरवायचा. असोसिएशनचा हॉल किंवा कुणाचं बंद ऑफिस घ्यायचं, डॉक्टर आणि तंत्रज्ञ दोन दिवस बांधून घ्यायचे, खर्च माणशी वाटायचा. एक्स-रेसाठी एकाच सेंटरशी दर ठरवायचा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ पैशांवर गेला नाही. दुसऱ्या मालकाला आपल्या माणसांचे रिपोर्ट दिसतील का, या संशयावर गेला. त्यासाठी रिपोर्टची पाकिटं नावानं बंद करून द्यायची असं आधीच लिहून घ्या.

५. तपासणीचा दिवस

कामाप्रमाणे चाचणी. नॉकआउट, फेटलिंग, वाळू मिक्सर, शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून माल साफ करणं): छातीचा मोठ्या आकाराचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री. आवाजात काम करणारा प्रत्येकजण: ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची चाचणी. भट्टीवाले: डोळे, बीपी, साखर. क्रेन आणि फोर्कलिफ्ट चालवणारे: लांबची नजर आणि रंगांची ओळख. सगळ्यांची कातडी, हात, कंबर. शिशाचं काम असेल, म्हणजे बॅटरी वगैरे, तर रक्तातलं शिसं. क्रोम प्लेटिंग असेल तर नाकाचा पडदा बघायला सांगा. सरसकट "पंचवीस टेस्टचं पॅकेज" घेऊ नका. त्यात थायरॉइड असतं, स्पायरोमेट्री नसते.

ऑडिओमेट्री सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी ठेवा. आठ तास ग्राइंडरच्या आवाजात राहिलेले कान काही तास सुन्न असतात, आणि मग नसलेला बहिरेपणाही दिसतो. आदल्या रात्री लग्नाच्या डीजेपुढं नाचलेल्याचाही दिसतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुमची वही. प्रत्येकाच्या केसपेपरवर पहिल्या ओळीत काम आणि वर्षं आली पाहिजेत: "फेटलिंग, १७ वर्षं, वाळूची धूळ, आवाज". डॉक्टर विसरले तर कामगारानं सांगावं. हीच ओळ पुढं ईएसआयच्या दवाखान्यात, सीपीआर या सरकारी रुग्णालयात, खासगीत, कुठंही गेलात तरी पहिल्यांदा बोलायची. "साहेब, मी फौंड्रीत सतरा वर्षं ग्राइंडिंग करतोय," एवढं पाठ करून ठेवा.

नवीन माणसाची तपासणी तो शॉपच्या धुळीत उभा राहायच्या आधी करा. मालकाच्या फायद्याचंही बघायचं तर, आधीच कान गेलेला माणूस तुमच्याकडे आला आणि पहिला रिपोर्टच नसला, तर पुढं त्याचा बहिरेपणा कुठल्या शॉपचा हे सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही.

६. रिपोर्ट आल्यावर

दोन प्रती. एक बंद पाकिटात कामगाराला, एक डॉक्टरच्या नोंदीत. मालकाच्या टेबलावर फक्त एवढंच यावं: कामाला योग्य, काही अटींवर योग्य, की या कामाला अयोग्य. कुणाला साखर आहे, कुणाला कसलं औषध चालू आहे, हे सुपरवायझरच्या चहाच्या गप्पांत आलं की पुढच्या वर्षी निम्मी माणसं तपासणीच्या दिवशी गावाला जातात.

कामगारानं पाकीट घरी नेऊन ठेवायचं, आणि त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून बायकोच्या किंवा भावाच्या फोनवर पाठवायचा. घर गळतं, खोली बदलते, फोन हरवतो. एक्स-रे पाकिटातून काढून गुंडाळू नका. ऑडिओमेट्रीचा आलेख स्वतःही बघता येतो: आवाजानं कान जाऊ लागले की ४,००० हर्ट्झजवळ रेघ खड्ड्यासारखी खाली जाते. त्या वेळी माणसाला बोलणं ऐकू येतंच, म्हणून तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. मागच्या वर्षीचा आलेख शेजारी ठेवला की खड्डा खोल झाला का ते दिसतं. पहिल्या वर्षीचा कागद जपायचा तो यासाठीच.

आता खरी भीती. "एक्स-रे खराब आला तर मालक काढून टाकेल." ही भीती खोटी आहे असं मी कुणाला सांगत नाही, कारण तसं झालेलं पाहिलंय. मालकांना एवढंच सांगतो की एका माणसाला असं काढलंत की तुमच्या शॉपमध्ये पुन्हा कुणी खरं बोलणार नाही, आणि धूळ तर तिथंच राहते. तिच्यात पुढचा माणूस उभा करणार. त्याला पॅकिंगला, पॅटर्न शॉपला, गेटला बदला, पगार तोच ठेवून. मग नॉकआउटकडे वळा.

तिथं काय करायचं? हवेच्या पाइपनं कपडे आणि जमीन झाडणं आजपासून बंद. हा आमच्याकडचा सगळ्यात वाईट रिवाज आहे: पाळी संपली की एअर गननं अंगावरची धूळ उडवायची, आणि ती शेजारच्याच्या नाकात. झाडूऐवजी औद्योगिक व्हॅक्युम, नाहीतर निदान पाणी शिंपडून झाडणं. पण भट्टी आणि ओतकामाच्या जागेपासून पाणी लांब ठेवा, वितळलेल्या धातूखाली ओल सापडली तर स्फोट होतो. मिक्सरला झाकण. ग्राइंडरला धूळ ओढणारा हूड, तोही ठिणग्या उडतात त्या बाजूला. नॉकआउट वेगळ्या भिंतीआड. मास्क सगळ्यांत शेवटी, आणि तो एन ९५ किंवा एफएफपी २ प्रतीचा, तोंडावर घट्ट बसणारा. गमछा, रुमाल आणि निळा सर्जिकल मास्क या धुळीला अडवत नाहीत. दाढी असेल तर चांगला मास्कही कडेनं गळतो.

गुळाबद्दल बोललंच पाहिजे, कोल्हापुरात आहोत. पाळी संपताना गुळाचा खडा वाटण्याची पद्धत कित्येक फौंड्रींत आहे, आणि "गूळ धूळ खाली ओढतो" असं सगळेच सांगतात. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात असते. वाटा वेगळ्या आहेत. गूळ खाऊ नका असं मी म्हणणार नाही, उन्हाळ्यात घामाघूम झालेल्याला गूळपाणी बरंच वाटतं. पण गुळाच्या भरवशावर हूडचं कोटेशन पुढच्या वर्षावर ढकलू नका.

७. अपघात झाला त्या तासात

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. जखमी माणसाला धातूपासून लांब नेऊन मग पाणी. पॉलिस्टरची पँट अंगाला चिकटली असेल तर ओढू नका. भट्टीवर सुती कपडे आणि झटकन काढता येणारे बूट का म्हणतात ते अशा वेळी कळतं.

विमा क्रमांक फोनमध्ये असू द्या. कारखान्याच्या अपघात वहीत वेळ, जागा, मशीन, पाहणारा कोण, हे त्याच दिवशी लिहा आणि अपघाताचा अहवाल चोवीस तासांत ईएसआयला ऑनलाइन पाठवा. मग ती जुनी सवय: "दवाखान्यात सांग, घरी बाथरूममध्ये घसरलो." हे सांगणारा सुपरवायझर बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो, त्याला चौकशीची कटकट नको असते. पण केसपेपरवर एकदा "घरी पडला" लिहिलं गेलं की ९० टक्क्यांची भरपाई, बोट कायमचं गेलं तर मिळणारं निवृत्तिवेतन, सगळ्यावर प्रश्नचिन्ह लागतं, आणि तो शब्द नंतर खोडून घेणं फार जड जातं. कामगारानं खरं सांगावं. सोबत गेलेल्यानंही. केसपेपर हातात आल्यावर तिथंच उभं राहून वाचून घ्या.

अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बुडलं तरच हे पैसे लागू होतात. डॉक्टरचं प्रमाणपत्र प्रत्येक मुदतीला नवीन घ्यायचं. मध्ये एक आठवडा राहिला तर तेवढे पैसे राहतात.

८. कामामुळे आजार झाल्याचा संशय असेल तर

इथं अपघातासारखी तारीख नसते, म्हणून कागद जास्त लागतात. जुन्या ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती, ती आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. सिलिकोसिस, आवाजामुळे आलेला बहिरेपणा, शिशाची विषबाधा, सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीचा छातीचा आजार त्यात येतात. यादीतला आजार आणि ते काम दोन्ही जुळले की तो कामावरच्या इजेसारखा धरला जातो.

ईएसआयच्या दवाखान्यात जाताना कामाची ओळ, सगळे जुने एक्स-रे, वार्षिक तपासणीची पाकिटं आणि जुन्या-नव्या मालकांकडच्या कामाचे पुरावे घेऊन जा. पगारपत्रक, हजेरी कार्ड, पीएफचं पासबुक, काहीही चालतं. डॉक्टरांना स्पष्ट म्हणा की हा कामामुळे झालेला आजार आहे का ते तपासा आणि पुढं पाठवा. परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात ईएसआयचं व्यावसायिक आजारांचं केंद्र आहे. निर्णय वैद्यकीय मंडळ देतं. आजार यादीतला असेल तर डॉक्टरनं कारखाना निरीक्षक यंत्रणेलाही कळवायचं असतं. ते कळवलं का, एवढं विचारायला हरकत नाही.

थुंकीत जंतू नाहीत, औषधं पुरी झाली, तरी छाती तशीच, आणि वाळूत दहा वर्षं काम: एवढं जुळत असेल तर तिसऱ्यांदा टीबीचा कोर्स सुरू करण्याआधी छातीच्या तज्ज्ञाला सिलिकोसिसबद्दल विचारा. पण टीबी नाही असं स्वतःच ठरवून चालू गोळ्या सोडू नका.

९. दहापेक्षा कमी माणसं असतील तर

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहाच्या आतल्यांनाही मर्जीनं ईएसआयमध्ये येता येतं. मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असले की झालं. तोवर निदान विमा कंपनीची कामगार भरपाई पॉलिसी घ्या, शॉपमध्ये तिला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात, आणि त्यात औषधोपचाराचा खर्च येतो का ते वाचून घ्या, बऱ्याचदा तो वेगळा मागावा लागतो. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, रेशन कार्ड लागतं. शेडच्या बांधकामावर आलेल्या गवंड्यांसाठी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ वेगळं. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला त्यांना मागितला जातो, तो ठेकेदारानं द्यायचा असतो.

तो फेटलिंगवाला परळला जाऊन आला. जाताना त्याच्या पिशवीत सगळ्यांत वर एक पान होतं, आम्ही दोघांनी बसून लिहिलेलं: चार शॉप, कुठल्या साली कुठं, काय काम, सोबत कोण होतं. त्यातली दोन शॉप आता बंद आहेत, पण तिथला एक जुना मोल्डर गडमुडशिंगीला राहतो, आणि सही द्यायला तो तयार झाला.